वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

आप्पा गेले त्या दिवशी मंगळवार होता. मंगळवार म्हणजे त्यांचा डोंगरावर जायचा दिवस. सकाळी नवाच्या सुमाराला माझा फोन वाजला, नंबर अनोळखी, म्हणून मी उचललाच नाही. पुन्हा वाजला तेव्हा वैतागून उचलला. तळोद्याच्या स्टँडवरचा एक जीपवाला होता. "सर बोली ऱ्हायनात का? आठे एक बाबा शेतस, गाडीमा बठेल व्हतात... आते उठत नहीत. त्यास्ना हातमा फाइल शे, तिन्हावर तुम्हना नंबर लिखेल शे." खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आप्पांनी मला न विचारता माझा नंबर फाइलवर लिहिलाच कसा? मी तावातावानं चपला शोधायला लागलो, एक सापडली, दुसरी सापडेना, आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसलो. आप्पा गेले होते. जीप भरायची वाट बघत खिडकीशी बसले आणि बसल्या बसल्या गेले. मांडीवर फाइल, फाइलवर माझा नंबर.

राजधर आप्पा म्हणजे पोलीस खात्यातले निवृत्त हवालदार. मी लोणखेड्याचा, आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलेला मास्तर. या दोन माणसांची मैत्री व्हायचं तसं काही कारण नव्हतं. झाली ती एका चोरीमुळे. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, हप्त्यावर घेतलेली स्कूटर बाजारातून गेली, आणि मी तक्रार द्यायला ठाण्यात गेलो. टेबलामागे आप्पा बसलेले. ठाणे अंमलदार, म्हणजे आलेल्या माणसाचं ऐकून कागदावर उतरवणारा. बारीक अंगकाठी, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी माझं सगळं म्हणणं लिहून घेतलं आणि मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. नाव, वय, धंदा, राहणार... मी घड्याळ बघतोय. वाचता वाचता स्कूटरचा रंग आला, 'हिरवी'. मी म्हटलं, हिरवी नाही हो, पोपटी. आप्पांनी खोडलं, पोपटी लिहिलं, बाजूला माझी सही घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नाव, वय, धंदा, राहणार... माझं डोकंच फिरलं. "अहो, मी प्राध्यापक आहे, मला वाचता येतं!" त्यावर हा माणूस शांतपणे म्हणतो, "सर, तुम्हले वाचता येस ते माले ठाऊक शे. पन मी काय लिखं ते माले ऐकू यावाले पाहिजे ना." स्कूटर काही मिळाली नाही. आप्पांची गाठ मात्र पडली ती कायमची.

हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कुठल्या परिपत्रकातून घेतलेला नव्हता. पोलिसांत कुठल्याही जबाबाच्या तळाशी एक ठरलेली ओळ असते... 'सदरचा जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.' त्याखाली सही नाहीतर अंगठा. ही ओळ सगळे लिहितात आणि वाचून मात्र कोणी दाखवत नाही. हात सवयीनं लिहितो, माणूस सवयीनं अंगठा देतो. आप्पा ती ओळ आधी कधी लिहीत नसत. खाली तेवढी जागा मोकळी ठेवत. सगळं वाचून व्हायचं, समोरचा मान हलवायचा, मगच ती ओळ. आणि मध्ये एक शब्द जरी बदलला तरी पुन्हा पहिल्यापासून. सोबतचे शिपाई कंटाळायचे, साहेब खेकसायचे, बाकावर लोक ताटकळायचे. डोंगरातले लोक आले की आणखी उशीर, कारण त्यांना कचेरीतलं मराठी कळत नाही म्हणून आप्पा त्यांची पावरी बोली शिकले होते. कोणाकडून? बाजाराच्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात टेकलेल्या बायांकडून. त्या यांच्या उच्चारांना पदर तोंडाला लावून हसायच्या आणि सुधारून द्यायच्या. पाड्यापाड्यांत ही गोष्ट पोचली होती, की त्या ठाण्यात एक हवालदार आहे, तो वाचून दाखवतो.

मी मधल्या काळात एका पुस्तकाच्या नादी लागलो. विषय काढला तो असा, की आपल्या देशात पोलिसांवर सत्ता कोणाची चालते आणि शेजारच्या पाकिस्तानात कोणाची. स्टाफरूममध्ये मला 'पाकिस्तानवाले सर' म्हणायला लागले. एकानं तर, व्हिसा मिळाला का, म्हणून रोज विचारायचा नेमच धरला. ऐकून घेणारे एकटे आप्पा. तेव्हा ते निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत राहायला आले होते. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मी प्रकरण वाचायचो आणि एखादं वाक्य तिथंच बदललं, की आप्पा म्हणायचे, "आते पहिलेपास्नी." चिडून मी वही मिटायचो. ते हलायचे नाहीत. मग कमलवहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, चहा घेऊन यायच्या आणि मी मुकाट्यानं पहिल्यापासून वाचायचो. त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती, तर तिकडच्या ठाण्यातही टेबलामागे बसून लिहिणारा एक माणूस असतो आणि त्याला मुहर्रर म्हणतात. "म्हंजे मन्हा भाऊच शे तठे!" त्या दिवसापासून मला फोन आला, की पलीकडून आवाज यायचा, "मुहर्रर बोली ऱ्हायना."

प्रकरण असं होतं. एकच इंग्रज सरकार, एकच अठराशे एकसष्टचा पोलीस कायदा, सत्तावनचा उठाव मोडून काढल्यावर केलेला. त्यात पोलिसानं वर बघायचं, साहेबाकडे, सरकारकडे. खाली, गावाकडे बघायचं कलमच नाही. देश दोन झाले आणि कायदा दोघांनीही ठेवून घेतला. आपल्या मुंबई राज्यानं एक्कावन्न साली स्वतःचा केला, पण त्याचीही मान तशीच वर वळलेली. तिकडे दोन हजार दोन साली, लष्करशहा गादीवर असताना, नवा हुकूम निघाला. जिल्ह्याजिल्ह्यात लोकांची सुरक्षा समिती, तिच्यात निम्मे निवडून आलेले आणि निम्मे कुठल्याच पक्षाचे नसलेले, जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला ठरलेली मुदत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा. वाचाल तर हेवा वाटेल. पण दुरुस्त्या करकरून त्याचे दात काढले, पुष्कळ ठिकाणी समित्या नुसत्या नावाला राहिल्या, आणि पुढे एका प्रांतानं तर एकसष्टचा जुना कायदाच पुन्हा उचलून आणला. आपल्याकडे त्यांच्यानंतर चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं जवळपास तीच औषधं लिहून दिली... बदल्यांसाठी मंडळ, ठरलेली मुदत, तक्रार प्राधिकरण... आणि राज्याराज्यांनी ती आपापल्या सोयीनं पातळ करून घेतली. मी हे सगळं मोठ्या ऐटीत वाचलं. आप्पांनी विचारलं, "तठला हवालदार कोनले घाबरस?"

मी सुरुवात केली, की कायद्यानुसार तो जिल्हा पोलीस प्रमुखाला... "कायदा ऱ्हाऊ दे. सकायमा ड्यूटीवर येस तवय तेन्हा पोटमा कसानी भीती ऱ्हास?" मी म्हटलं, बदलीची. "बदली कोन करस?" म्हटलं, करतो साहेब, पण फोन वरून येतो. आप्पा हसायला लागले. "मंग सर, तू दोन देश कसाले सांगी ऱ्हायना? ठानं तं एकच शे." सर म्हणायचं आणि पुढे तू, ही त्यांची खास तऱ्हा. मला राग आला. तीन वर्षांची मेहनत हा माणूस ओट्यावर बसून एका वाक्यात निकालात काढतो म्हणजे काय! मी जवळजवळ ओरडलोच. फरक आहे, आप्पा! तिकडे लोकांना न विचारता दिलं आणि न विचारता काढून घेतलं. आपल्याकडे पातळ का होईना, आहे. विभागाच्या ठिकाणी तक्रार प्राधिकरण आहे, निवृत्त न्यायाधीश बसतात, साध्यातला साधा माणूस पोलिसाविरुद्ध अर्ज करू शकतो. त्यांचं हसू थांबलं. "कोनीबी?" म्हटलं, ज्याच्यावर बेतलं तो, किंवा त्याचं घरचं माणूस. "आनि पोलीसले सांगनं व्हई तं? का मी चुकना म्हनी?" मी म्हटलं, पोलीस कशाला सांगेल? आप्पा उठून आत गेले. पाणी पिऊन आले आणि मला म्हणाले, "बठ. तुले एक सांगनं शे."

डोंगराच्या पायथ्याचं एक ठाणं. कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. सपाटीवरच्या एका मोठ्या बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती आणि संशय आला सायसिंग नावाच्या पावरा मजुरावर. का, तर तो आदल्या दिवशी तिथं कामाला होता. त्याला आणलं. तीन दिवस मागच्या खोलीत ठेवलं आणि ठाण्याच्या डायरीत त्याचं नावही नाही. चौथ्या दिवशी सोडला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. मोटार पुढे बागायतदाराच्या पुतण्याकडेच सापडली, ते सोडा. त्याची बायको, रेलीबाई, डोंगर उतरून तक्रार द्यायला आली आणि थेट आप्पांच्या टेबलाशी उभी राहिली, कारण तिनं ऐकलं होतं ना, हा वाचून दाखवतो! तोवर वरून फोन येऊन गेला होता. साहेबांनी आप्पांना आत बोलावलं आणि काय लिहायचं ते सांगितलं... नवरा डोंगरावर पाय घसरून पडला, कोणाबद्दल तक्रार नाही. "साहेब बोलना, लिखस का जास मुख्यालयले? मन्ही पोर दहावीले व्हती, सर. मी लिखं." तळाची ती ओळही त्यांनी आधीच लिहून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा. "शाई लावाना पहिले ती मन्हाकडे दखी ऱ्हायनी व्हती. मी वाचसू म्हनी वाट दखी ऱ्हायनी व्हती. मी तिले सांगं, वाची व्हयनं. लाव अंगठा." एवढं बोलून आप्पांनी चष्मा काढला आणि तो कितीतरी वेळ पुसत बसले.

मी काय केलं असेल? मी तिथून उठून आलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, पोलीस असेच. पण हा माणूस मला पोपटी आणि हिरव्यासाठी अर्धा तास बसवून ठेवतो, आणि त्या बाईला... महिनाभर मी त्यांच्या दारावरून गेलो नाही, लांबच्या वाटेनं भाजी आणली. शेवटी तेच माझ्या दारात उभे राहिले. हातात नवी कोरी फाइल. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "राग ऱ्हाऊ दे तुन्हा. कलम कोनतं लावू ते सांग." मी म्हटलं, अर्ज तिचा हवा, अंगठा तिचा हवा, तुमचा जबाब नुसता जोडता येईल. आणि प्रकरण इतकं जुनं, की कदाचित दारातूनच परत पाठवतील. वर तुमच्याच लेखी कबुलीवरून तुमच्यावरच शेकेल, पेन्शनपर्यंत जाईल. ते म्हणाले, "ते मी दखी लिसू. तू कलम सांग." मी कलम सांगितलं. पुस्तकातलं ते प्रकरणही त्याच आठवड्यात फाडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. सुरुवात आप्पांच्या प्रश्नानं केली.

सायसिंग वारला होता. त्या हातानं त्याला पुढे ना कुऱ्हाड धरता आली ना नांगर. सगळं रेलीबाईनं ओढलं. आप्पा पहिल्या मंगळवारी तिच्या पाड्यावर गेले, सगळं कबूल केलं आणि अर्जाचं बोलले. तिनं एकच सांगितलं, अंगठा एकदा दिला, आता कुठल्याच कागदावर देणार नाही. रेशनच्या कागदावर सही करायलासुद्धा ती तेव्हापासून पोराला पाठवत होती म्हणे. दुसरा कोणी असता तर परत आला असता आणि ओट्यावर बसून हळहळला असता. आप्पा पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले. तिच्या अंगणात बसले, अर्जाचा मसुदा काढला आणि मोठ्यानं पावरीत वाचला. ती आमचूरसाठी कैऱ्या चिरत होती, तिनं मानही वर केली नाही. वाचून झालं, रामराम केला, जीप पकडून परत. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. शबनम पिशवीत फाइल आणि पत्र्याच्या डबीतला शाईचा पॅड. पॅड दर वेळी न्यायचे आणि न उघडता परत आणायचे. जुने सहकारी समजवायला यायचे, "आप्पा, कसाले उकरी ऱ्हायनात? आपलंच नाक कापतस का?" आप्पा त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. मी कमलवहिनींना विचारलं, तुम्ही काही बोलत नाही? त्या म्हणाल्या, "मीच सांगं, जा. घरमा बठीसन झुरापेक्षा जा."

एकदा मी सोबत गेलो. पाचवा की सहावा मंगळवार असेल. जीपमध्ये माझी पाठ मोडून निघाली, वर अंगणात ऊन, आणि हे आपले खाटेच्या कडेला बसून ठाण्यातल्यासारखे खणखणीत वाचतायत. रेलीबाई घरात. मला त्या सगळ्या प्रकाराची लाज वाटायला लागली होती. म्हाताऱ्या बाईला कशाला छळायचं? तेवढ्यात आतून आवाज आला. मला पावरी येत नाही, पण आप्पांचा चेहरा बघितला आणि कळलं काहीतरी झालं. ती म्हणाली होती, त्या दिवशी बाजार नव्हता. आप्पांनी मसुद्यात लिहिलं होतं, बाजाराच्या दिवशी. त्यांनी घाईघाईनं चष्मा सारखा केला, ती ओळ खोडली, नवी लिहिली आणि... अर्थातच... पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. रेलीबाई दारात आली, तिनं कपाळाला हात लावला आणि मला आमच्या अहिराणीत विचारलं, "हाऊ बाबा असाच शे का?" बाजारहाट करून करून तिला मोडकीतोडकी अहिराणी येत होती. मी म्हटलं, "असाच शे, बाई. आमनंबी डोकं खास." ती जरा हसल्यासारखी झाली. परतीच्या वाटेवर आप्पा तळोद्यापर्यंत गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसले होते.

त्यानंतर दर मंगळवारी एखादी दुरुस्ती यायची. खोलीला खिडकी नव्हती. सोडलं तेव्हा त्याच्या अंगावर सदरा नव्हता. साहेबानं तिला बस म्हटलं नव्हतं. आप्पा येऊन मला सांगायचे आणि वर म्हणायचे, "सर, मी तठे व्हतू तरी माले इतलं याद नही. तिले सगळं याद शे." अर्ज तिच्या तोंडून घडत चालला होता. कैऱ्या जाऊन अंगणात मक्याची कणसं आली, तरी अंगठ्याचं ती नाव काढत नव्हती आणि आप्पा मागत नव्हते. मी एकदा चिडून म्हटलं, किती मंगळवार जाणार असे? ते म्हणाले, ती बरोबर आहे म्हणेपर्यंत. शेवटी शेवटी त्यांनी सगळा पावरी मजकूर देवनागरीत, मोठ्या अक्षरात उतरवला होता. मला वाटलं स्वतःच्या डोळ्यांसाठी असेल. आता कळतं, ती अक्षरं माझ्यासाठी होती, आणि फाइलवरचा नंबरही.

दहाव्याला जुने सहकारी झाडून आले होते. गळ्यात पडून रडले, त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण उठताना एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ती फाइल आते वहिनीस्पान ठी द्या. माणूस गया, इषय संपना." मी म्हटलं, विषय संपलेला नाही आणि फाइल कुठं ठेवायची ते मला माहीत आहे. आवाज जरा चढलाच माझा, लोक वळून बघायला लागले. तेवढ्यात कमलवहिनी आतून आल्या. त्यांनी सगळ्यांसमोर ती शाईची डबी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मंगळवारनी जीप नऊले निंघस."

मी गेलो. गुडघे दुखत होते. मला वाटलं होतं, तिला बातमी माझ्याकडून कळेल, पण जीपवाल्यानं आधीच सांगितलेली. रेलीबाईनं अंगणात खाट टाकून ठेवली होती, आप्पा बसायचे त्याच जागी. मी फाइल उघडली आणि आप्पांच्या अक्षरातलं पावरी वाचायला लागलो. काय वाचलं असेन कोण जाणे! तिसऱ्या ओळीलाच तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मग तिनं एक शब्द सुधारून दिला, मग दुसरा. मी नेटानं पुढे. आप्पांच्या जबाबाशी आलो, 'मी खोटं लिहिलं आणि वाचून दाखवलं असं सांगितलं,' तिथं तिनं हात वर केला. परत वाच. मी परत वाचलं. आणखी एकदा. तेही वाचलं. तिचं हसणं केव्हाच थांबलं होतं. शेवटपर्यंत आलो, तळाशी आप्पांनी सोडलेली मोकळी जागा, आणि मी विचारलं, "बरोबर शे का, बाई?"

"नही," ती म्हणाली.

माझा धीरच सुटला. एवढे मंगळवार, एवढं सगळं, आणि नाही! मी विचारलं, काय चुकलं? ती खाटेजवळ खाली बसली. म्हणाली, "पानी दिन्हं तेनी. ते कोठे शे?" मला कळेना. मग तिनं तुटक तुटक सांगितलं. त्या दिवशी अंगठा दिल्यावर ती ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली होती, उठवत नव्हतं तिला. तेव्हा हा हवालदार बाहेर आला, तांब्याभर पाणी तिच्यापुढे ठेवलं आणि तिच्याकडे न बघता आत गेला. "ते लिखेल नही." मी म्हटलं, बाई, त्यांनी मुद्दाम नसेल लिहिलं. ते लिहिलं तर आपला गुन्हा हलका केल्यासारखं दिसलं असतं ना त्यांना. ती माझ्यावर डाफरली. खोटं लिखं तेबी लिख, पानी दिन्हं तेबी लिख. जे झालं ते सगळं लिही, नाहीतर कागद घेऊन जा.

मी लिहिलं. डोळ्यांपुढे अक्षर दिसत नव्हतं तरी लिहिलं. 'त्यानंतर सदर हवालदाराने मला पिण्यास पाणी दिले.' शेजारी पावरीत कसं म्हणायचं ते तिनंच सांगितलं. मग मी पान उलटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली... नाव, वय, धंदा, राहणार... आणि या वेळी मला कोणी सांगावं लागलं नाही. ऊन कलतीला आलं होतं. सगळं संपल्यावर तिनं मान हलवली, तेव्हा मी ती तळाची ओळ लिहिली, आयुष्यात पहिल्यांदा. डबी उघडली तर पॅड वाळून खडखडीत झालेला. रेलीबाई आत गेली, तांब्या घेऊन आली, चार थेंब शिंपडले आणि अंगठा दाबला. मी मागितला नव्हता.

अर्ज गेला. पोच आली आहे, तारीख आलेली नाही. जुनं प्रकरण म्हणून परत आला तर पुन्हा करू, वर जाऊ, उच्च न्यायालयाची पायरी चढू. तिच्याबरोबर मी जाणार आहे आणि कोणी अडवलं तर माझा आवाज चढतो हे सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकही होईल. दोन्ही देशांतल्या समित्या, मंडळं, मुदती सगळं त्यात असेल, पण पहिल्या पानावर प्रश्न असेल तो आप्पांचा.

हा लेख पाठवण्याआधी मी ओट्यावर बसून कमलवहिनींना वाचून दाखवला. शेवटपर्यंत आलो आणि त्या म्हणाल्या, चष्म्याची दांडी दोऱ्यानं नव्हती बांधलेली, तांब्याच्या तारेनं होती, दोरा नंतर आला. मी म्हटलं, वहिनी, एवढ्याशा गोष्टीनं काय फरक पडतो? त्यांनी नुसतं माझ्या खिशातल्या पेनाकडे बघितलं. मी पेन काढलं, बाजूला 'तारेनं' असं लिहून ठेवलं आणि पहिल्यापासून वाचायला लागलो... आप्पा गेले त्या दिवशी मंगळवार होता...

सदरचा लेख कमलवहिनींना वाचून दाखवला, तो त्यांचे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.